बाबांनी कापलेला 'शोले' : घरच्या कॅसेटवरच्या बदललेल्या प्रती ठेवायच्या की टाकायच्या?

गच्चीवरचा_अँटेना

चिपळूणच्या बाजारपेठेत १९८४ ते १९९३ आमची व्हिडिओ लायब्ररी होती. घरोघरी केबल आली आणि बाबांनी शटर ओढलं. उरलेल्या कॅसेटी घराच्या माळ्यावर गेल्या, आणि माळ्यावर होत्या म्हणूनच २०२१च्या पुरातून वाचल्या. या दिवाळीत दोन खोकी खाली काढली. ६३ कॅसेटी निघाल्या आणि सोबत बाबांची एक लांबडी वही.

वहीत तीन रकाने आहेत. सिनेमाचं नाव, टेप किती मिनिटांची, आणि तिसऱ्याचं नाव 'उडवले'.

बाबा दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून प्रती काढायचे. ई-१८० टेप म्हणजे तीन तास, त्यावर फार तर दोन-तीन मिनिटं जास्तीची. 'शोले' १९८ मिनिटांचा. तेव्हा पंधरा-सोळा मिनिटं कुठून तरी काढणं भाग होतं. वहीतली नोंद जशीच्या तशी देतो : "शोले. १८०. सुरुवातीच्या पाट्या. सूरमा भोपाली पूर्ण. जेलर अर्धा." बाबा रेकॉर्डिंगच्या व्हीसीआरसमोर पाटावर बसायचे, पॉजच्या बटणावर अंगठा ठेवून. नको असलेला भाग सुरू झाला की दाबायचं, संपला की सोडायचं. पॉज फार वेळ राहिला तर मशीन आपोआप बंद पडायचं, म्हणून मोठा तुकडा उडवताना बाबांची नजर घड्याळावर असायची. मी शेजारी बसायचो आणि मला बोलायची परवानगी नसायची.

जिथे जोड आहे तिथे पडद्यावर सेकंदभर इंद्रधनुष्यासारखा तिरका पट्टा सरकतो. तो मूळ सिनेमातच आहे अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. सूरमा भोपाली मी पहिल्यांदा बघितला १९९७ साली हॉस्टेलवर, आणि हा दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमातला तुकडा घुसवलाय म्हणून मित्रांशी भांडलो!

आता या कॅसेटी संगणकावर घ्यायच्या आहेत. ताई म्हणते, पूर्ण सिनेमे चकाचक मिळत असताना हे कापलेले तुकडे कशाला जपायचे? माझा हात होत नाही. तर प्रश्न दोन. या प्रती ठेवाव्यात का? आणि मुळात दुसऱ्याचा सिनेमा असा कापायचा अधिकार कोणाला असतो का? बाबांनी कापले, पुढे व्हीसीडी काढणाऱ्या कंपन्यांनीही कापले. तुमचे अनुभव लिहा.

रेवती_म

रुमाल टाकून ठेवते, सविस्तर नंतर लिहीन. पण आधी ती वही स्कॅन करा. आज रात्रीच. कॅसेटींचं बघू मागाहून.

जुना_प्रोजेक्टर

धागा वाचून हात थरथरला, म्हणून स्पष्टच लिहितो. राग मानू नका.

मी कोल्हापुरात तीस वर्षं ऑपरेटर होतो. शेवटच्या खेळाला मालक खालून निरोप पाठवायचे, "गाणं काढा, लोकांची शेवटची एसटी चुकते." आम्ही रीळ काढून कात्री लावायचो आणि दुसऱ्या दिवशी सिमेंटने पुन्हा जोडायचो. (सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवायचं द्रावण, गवंड्याचं नव्हे.) दर जोडाला दोन-चार चौकटी कायमच्या जायच्या. महिन्याभरात त्या गाण्याची सुरुवात आचके द्यायला लागायची. हे मी माझ्या हातांनी केलंय आणि ते वाईट होतं. दिग्दर्शकाने आणि संकलकाने महिनोन् महिने बसून ठरवलेलं असतं की इथे हसवायचं, इथे श्वास घ्यायला जागा द्यायची. गब्बरच्या आधी सूरमा भोपाली आहे याला कारण आहे. एवढं हसून झालं म्हणून तर पुढे पोटात गोळा येतो.

आणि बाबांबद्दल आदर ठेवूनच सांगतो, कापणं ही पुढची गोष्ट. पैसे न देता प्रत काढणं हेच मुळात चूक होतं. त्या काळात चित्रपटगृहं ओस पडली ती याच प्रतींमुळे. आमच्यातल्या दोघांची नोकरी गेली.

गच्चीवरचा_अँटेना

@जुना_प्रोजेक्टर, राग अजिबात नाही. तुमचं म्हणणं मान्य आहे. बाबांनाही मान्य आहे, त्यांच्याशी या विषयावर बोललोय. गावात तेव्हा अधिकृत कॅसेट आणणारं कोणी नव्हतं हे खरं, पण त्याने चूक बरोबर ठरत नाही. म्हणून तर विचारतोय, आता या वस्तूंचं काय करावं?

तळकोकणी

आमचा अनुभव व्हीसीडीचा, तोही पैसे मोजून घेतलेल्या अधिकृत व्हीसीडीचा. एका चकतीवर ७४ ते ८० मिनिटं मावतात. पावणेतीन-तीन तासांच्या सिनेमाला तीन चकत्या लागणार, आणि तिसरी चकती म्हणजे वाढीव खर्च. मग कंपनीच कात्री चालवायची.

आजीसाठी एक जुना तमाशापट आणला होता. तिला त्यातली एकच लावणी बघायची होती. तिच्या तरुणपणी जत्रेत तंबूत बघितलेली. सगळं घर जमलं, तिच्या खुर्चीखाली उशी ठेवली. फड उभा राहिला, ढोलकीवर थाप पडली आणि थेट दुसऱ्या दिवशीची सकाळ! पाटील विहिरीवर तोंड धुतायत. आजी म्हणाली, "मागे घे, मला डुलकी लागली वाटतं." तीनदा मागे घेतलं. लावणी नव्हतीच. वेष्टनावर कुठेही लिहिलेलं नव्हतं की सिनेमा कापलेला आहे, उलट तीच लावणी गाण्यांच्या यादीत छापलेली होती.

अँटेनाराव, तुमच्या बाबांनी निदान वहीत लिहून तरी ठेवलं.

रेवती_म

+१००. 'उडवले' हा रकाना त्या कंपनीकडे असता तर आजींची तेवढी निराशा तरी टळली असती.

मिलवॉकीकर

इकडे अमेरिकेत या विषयावर चाळीस वर्षं वाद चालू आहे, त्यातलं थोडं सांगतो.

'स्टार वॉर्स' १९७७चा. १९९७ साली जॉर्ज लुकास यांनी त्यात संगणकावर केलेली नवी दृश्यं घालून तो पुन्हा प्रदर्शित केला. मूळ सिनेमात खानावळीत बसलेला हॅन सोलो हा नायकांपैकी एक, त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोवर सरळ गोळी झाडतो. नव्यात आधी ग्रीडो झाडतो, त्याचा नेम चुकतो आणि मग हॅन. एका सेकंदाचा बदल, पण त्या माणसाचा स्वभावच बदलला. पुढे डीव्हीडी, ब्लू-रेसाठी आणखी फेरफार होत गेले. मूळ आवृत्ती २००६ साली डीव्हीडीवर आली ती जोड-चकती म्हणून, जुन्या लेझरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून उतरवलेली आणि धूसर.

मग रसिकांनीच कंबर कसली. हार्मी नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका चेक रसिकाने वेगवेगळ्या स्रोतांतून एकेक चौकट जुळवून 'डीस्पेशलाइज्ड' आवृत्ती उभी केली. दुसऱ्या एका गटाने जुन्या ३५ मिमी प्रिंटा मिळवल्या, स्कॅन केल्या आणि '४के७७' तयार केली. दोन्ही विनापरवाना, दोन्ही विकायला नाहीत.

मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. १९८८ साली, जुन्या कृष्णधवल सिनेमांना रंग फासायची टूम निघाली होती तेव्हा, याच लुकास यांनी अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष दिली होती की कलाकृतींची अशी मोडतोड थांबवा, तो सांस्कृतिक ठेवा आहे. त्यांचं तेव्हाचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. म्हणून तर मूळ आवृत्ती जपणारे मला चोर वाटत नाहीत.

शुद्धप्रत

@मिलवॉकीकर, माहिती उत्तम, पण दोन गोष्टींची गल्लत होतेय. हार्मीने केलं ते मूळ रूप परत मिळवणं. पण २००० नंतर त्याच मालिकेच्या १९९९च्या भागाचा 'फँटम एडिट' फिरला, त्यात एका संकलकाने जार जार बिंक्स या विनोदी पात्राचा पोरखेळ कापून सिनेमा 'सुधारला'. पहिल्याला मी नमस्कार करीन. दुसऱ्याला नाही. नाही आवडलं तर परीक्षण लिहा, स्वतःचा सिनेमा काढा. दुसऱ्याच्या भिंतीवर कुंचला फिरवायचा नाही.

निनाद७७

@शुद्धप्रत, असहमत. मी हौसेने असे तुकडे जुळवतो, घरच्यापुरते. आईला जुने सिनेमे आवडतात, पण बलात्काराची दृश्यं तिला बघवत नाहीत, तिचा रक्तदाब वाढतो. ती दृश्यं मी तिच्या प्रतीतून काढतो. यात मी कोणाची भिंत रंगवली?

शुद्धप्रत

@निनाद७७, आईसाठी करताय हे चांगलंच आहे. पण ती फाइल उद्या तुमच्या भाच्याकडे जाईल, तिथून त्याच्या मित्रांकडे, आणि पाचव्या माणसाला वाटेल सिनेमा असाच आहे. फाइलीच्या नावात लिहिता का 'कापलेली प्रत' म्हणून?

निनाद७७

नाही लिहीत. मुद्दा पटला, आजपासून लिहीन.

वकिलीण_बाई

कायद्याचं थोडं सांगते. सल्ला म्हणून नको, माहिती म्हणून घ्या.

निनाद यांच्या प्रश्नावर अमेरिकेत अगदी असाच खटला झाला. युटामध्ये काही धंदेवाईक मंडळी सिनेमांतली शिवीगाळ, नग्नता, हिंसा काढून 'कुटुंबासाठी स्वच्छ' प्रती भाड्याने द्यायची, विकायची. त्यांचं म्हणणं होतं की प्रत्येक कापलेल्या प्रतीमागे आम्ही एक अस्सल डीव्हीडी विकत घेतो. २००६ साली कोलोरॅडोच्या न्यायालयाने हे ऐकलं नाही, स्वामित्वहक्काचा भंग ठरवला. गंमत अशी की आदल्याच वर्षी तिथे कायदा झाला होता : घरी बघताना प्लेअरनेच दृश्य गाळलं तर चालेल, बदललेली कायमस्वरूपी प्रत मात्र बनवायची नाही. म्हणजे आईच्या शेजारी बसून रिमोटने पुढे ढकललं तर हरकत नाही.

भारतात स्वामित्वहक्क कायद्याचं कलम ५७ लेखकाला आपल्या कृतीच्या विद्रूपीकरणाला हरकत घ्यायचा हक्क देतं, हक्क विकून टाकले असले तरी. पण आपल्या कायद्यात चित्रपटाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नाही! ज्याने सिनेमा डोळ्यांपुढे आणला त्याला सिनेमाचा कर्ता म्हणून उभं राहता येत नाही, हे मला आजवर पचलेलं नाही. फ्रान्समध्ये नेमकं उलट. जॉन ह्यूस्टन या अमेरिकन दिग्दर्शकाच्या कृष्णधवल सिनेमाची रंगवलेली प्रत तिथल्या दूरचित्रवाणीवर दाखवायचं ठरलं, तेव्हा त्याच्या वारसांच्या बाजूने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली निकाल दिला.

आणि अँटेनाराव, एक वाक्य खास तुमच्यासाठी. २०१२ साली आपल्याकडे कलम ३८-ब आलं, नटांना आणि गायकांना त्यांच्या कामाच्या मोडतोडीला हरकत घेता यावी म्हणून. त्यातच सूट आहे की ठरावीक वेळेत ध्वनिचित्रण बसवण्यासाठी एखादा भाग काढला तर तेवढ्याने कलावंताच्या प्रतिष्ठेला बाधा आली असं समजायचं नाही. बाबांची ई-१८० टेप कायद्यात पोहोचलीय! अर्थात याने परवान्याशिवाय काढलेली प्रत कायदेशीर होत नाही.

तळकोकणी

बाई, दंडवत.

पावणेसहाची_बस

अवांतर होतंय का? पण 'बदललेली प्रत' म्हटल्यावर 'रांझणा' आठवल्याशिवाय राहत नाही. २०१३चा सिनेमा. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची तमिळ आवृत्ती पुन्हा लावली आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून शेवट बदलला. मरणारा नायक जिवंत ठेवला. दिग्दर्शक आनंद राय आणि धनुष दोघांनी जाहीर नापसंती दाखवली, पण हक्क कंपनीकडे. वकिलीण_बाईंनी सांगितलेला 'कर्ता म्हणजे निर्माता' हा मुद्दा इथे किती बोचतो बघा. पॉज बटणावर अंगठा ठेवून बाबा फक्त काढू शकत होते. आता नवीन घालता येतं, आणि जोडाच्या जागी इंद्रधनुष्यही उमटत नाही.

जुना_प्रोजेक्टर

@पावणेसहाची_बस, अवांतर कसलं, हाच मुद्दा आहे. जोड दिसला पाहिजे. आमच्या कात्रीचा जोड पडद्यावर उडी मारायचा, प्रेक्षक शिट्ट्या वाजवायचे. वाईट वाटायचं, पण काही तरी गेलंय हे समोरच्याला कळायचं.

सांगलीची_सून

एक साधा प्रश्न. अँटेनाभाऊ, तुमच्या कॅसेटमध्ये गब्बरचं शेवटी काय होतं?

मिलवॉकीकर

हा साधा प्रश्न नाही हो! 'शोले'ची तीच तर कथा आहे.

मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. पण तेव्हा नुकतीच आणीबाणी लागलेली. माजी पोलिस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालेना. संजीवकुमार रशियात होते, त्यांना बोलावून घेऊन शेवट पुन्हा चित्रित केला : ऐन वेळी पोलिस येतात आणि गब्बरला ताब्यात घेतात. १५ ऑगस्ट १९७५ला लोकांनी पाहिला तो हा, आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षं चालला तोही हाच. सचिन पिळगावकरांच्या अहमदला गब्बर मारतो ते दृश्यही गेलं. म्हणून आपल्याला दिसतो हातावर चिरडलेला किडा आणि पुढे घोड्यावरून आलेलं प्रेत.

न कापलेली २०४ मिनिटांची आवृत्ती १९९०च्या सुमारास इंग्लंडमध्ये व्हीएचएसवर आली. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलेलं पुनरुज्जीवन २७ जून २०२५ला इटलीत बोलोन्याच्या चौकात दाखवलं, तेही मूळ शेवटासह. आपल्या मोठ्या पडद्यावर ते डिसेंबर २०२५ मध्ये आलं.

मग अस्सल कोणता? दिग्दर्शकाने आधी केला तो, की आपण लहानपणी पाठ केला तो?

शुद्धप्रत

दिग्दर्शकाचा. माझ्या मनात शंका नाही.

सांगलीची_सून

मला मात्र पोलिस आलेलाच हवा. आप्पांच्या शेजारी बसून मी तोच बघितला. दोन्ही जपले तर कोणाचं काय बिघडतं?

टेपदुरुस्ती

धागाकर्ते, तातडीचं सांगतो. कोकणातल्या कॅसेटी आहेत, तेव्हा झडप उघडून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा जाळी आहे का बघा. असेल तर ती बुरशी. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागेल. त्या वेगळ्या पिशवीत ठेवा, साफ करून घ्या, साफ करताना तोंडाला मास्क लावा. बाकीच्या आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. ई-२४०च्या टेपा असतील तर जास्त जपा, त्यांची फीत पातळ असते, ताणली जाते. शक्य असेल तर एस-व्हिडिओ जोडणी वापरा आणि मध्ये टाइम बेस करेक्टर (थरथरणारं चित्र स्थिर करणारं यंत्र) लावा. पहिली फाइल दर्जा न घटवता घ्या, छोटी करायची ती तिच्यावरून. आणि तो इंद्रधनुष्याचा पट्टा 'साफ' करायला जाऊ नका.

रेवती_म

सविस्तर लिहीन म्हटलं होतं, आज जमलं.

फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' १९२७चा. प्रदर्शनानंतर वितरकांनी तो बराच छोटा केला आणि कापलेला भाग कायमचा गेला असं ऐंशी वर्षं सगळे मानत होते. २००८ साली ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ पूर्ण आवृत्तीची १६ मिमी प्रत सापडली. ओरखड्यांनी भरलेली, कडा कापल्या गेलेली. त्याच गलिच्छ प्रतीवरून सुमारे पंचवीस मिनिटं परत मिळाली आणि २०१०ला लोकांनी बघितली. चांगल्या प्रती आहेत म्हणून कोणी ती टाकून दिली असती तर?

आपल्याकडे पुण्यात जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठवणगृहाला आग लागली. नायट्रेटच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या फिल्मच्या जुन्या प्रिंटा जळाल्या, त्यात प्रभातच्याही होत्या. तेव्हापासून मी कोणाला काहीही टाकून दे म्हणत नाही. 'शोले'ला आता धोका नाही हे खरं. पण ६३ कॅसेटींतल्या साठ-बासष्ट सिनेमांबद्दल तुम्हाला तसं खात्रीने सांगता येईल का? त्यातले मराठी किती आहेत?

जुना_प्रोजेक्टर

रेवतीताईंचं पटलं. कापणं चूक होतं हे माझं म्हणणं कायम आहे. पण टाकू नका.

गच्चीवरचा_अँटेना

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रविवार यात गेले, म्हणून उशीर.

टेपदुरुस्ती यांच्या सांगण्याप्रमाणे तपासलं. अकरा कॅसेटींना बुरशी आहे, त्या वेगळ्या केल्या. मराठी चौदा निघाले. त्यातल्या पाचांची धड प्रत मला आजवर कुठेच मिळालेली नाही. दोघांचं 'उडवले' रिकामं आहे, म्हणजे पूर्ण आहेत. आधी तेच करतोय.

सांगलीची_सून, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहिली कॅसेट लावली, पोलिस आले. मला आठवत होतं तसंच. पण वहीच्या शेवटच्या पानांत 'शोले' पुन्हा एकदा सापडला. नोंद अशी : "शोले. लंडनची प्रत. टेप २४०. उडवले – काही नाही. शेवट वेगळा आहे, गिऱ्हाइकास आधी सांगून देणे."

ही कॅसेट खोक्याच्या तळाशी होती. लावली. चित्र चौकोनी, रंग विटलेले, आवाज घोगरा. पण सूरमा भोपाली पूर्ण आहे, आणि शेवटी पोलिस येत नाहीत. बाबा शेजारी बसले होते, आता ऐंशीला आलेत. त्यांना विचारलं, २४०ची टेप महाग पडायची ना, मग हीच का घेतली? म्हणाले, "एवढं उशिरा पूर्ण हाती आलं, ते मी कापणार होतो का?" मग म्हणाले, गावातल्या बऱ्याच लोकांनी ही नको, जुनीच द्या म्हणून परत केली होती.

दोन्ही 'शोले' ठेवतोय. प्रत्येक फाइलच्या नावात टेपची लांबी आणि काय उडवलं ते लिहितोय, बाबांच्याच शब्दांत. कोणाला या फाइली देणार नाही, पण वही आणि ते पाच मराठी सिनेमे पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला दाखवायचे आहेत. तिथे कोणाला आणि कसं भेटायचं हे कोणी सांगेल का?

वकिलीण_बाई

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.